सांतियागोची खाट

खड्ड्यातले दगड तापून लाल झाले तेव्हा क्लोरिंदाने सगळ्यांना बजावलं, की जेवणं होईपर्यंत सांतियागोचं नाव कुणी काढायचं नाही. मग दगडांवर शिंपले ओतता ओतता तिनंच ते काढलं.

"सांतियागोला असलं काही मिळायचं नाही," ती जावयाला म्हणाली. "इस्पितळात नुसतं पांचट सूप देतात म्हणे."

बेलार्मिनो शिंपल्यांवर मांसाचे तुकडे, बटाटे, सॉसेज रचत होता. होडी बांधताना फळी बसवावी तसा एकेक तुकडा जागेवर ठेवत होता. "सासूबाई, इदालियाला शिंपले आत्ताही चालत नाहीत. तिचं चुलीवर वेगळं शिजतंय."

"ठाऊक आहे मला. मी आपली बोलते."

ती आपली बोलत होती, कारण बोलणं थांबलं की उद्याचा दिवस डोळ्यांपुढे यायचा. उद्या सकाळी लेक जाणार. आधी बेटावरून लाँचने आचाओला, मग कास्त्रोहून बसने रात्रभर. सोमवारी तिला राजधानीत, सांतियागोच्या इस्पितळात दाखल करून घेणार, तिच्या हाडांतलं उरलंसुरलं सगळं औषधांनी जाळून काढणार, आणि मग तिच्या भावाची मज्जा तिच्या नसांत सोडणार. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा क्लोरिंदाला पेरणीची आठवण झाली होती. आधी रान जाळायचं, मग बी टाकायचं. फक्त इथं रान म्हणजे तिची पोर होती.

जानेवारीत, भर उन्हाळ्यात हे सुरू झालं. इदालियाच्या दंडांवर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. बेटावर कुजबूज झाली, बेलार्मिनो हात उचलतो. क्लोरिंदाचाही त्यावर विश्वास बसला. आठवडाभर तिनं जावयाला जेवण वाढलं नाही की त्याच्याकडं बघितलं नाही, आणि तो बिचारा आपलं काय चुकलं ते न कळून तिच्या छपराच्या गळक्या फळ्या बदलत राहिला. मग एके दिवशी भर खाडीत, लाँचचं सुकाणू हातात असताना इदालियाच्या नाकातून रक्त आलं ते थांबेचना. वीस उतारू लाँचमध्ये, सगळ्यांचे रुमाल भिजले. तशातही तिनं लाँच धक्क्याला लावली, दोर बांधला, आणि मगच खाली बसली.

कास्त्रोहून तिला वाल्दिव्हियाच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली, तर तिच्यात जवळजवळ काहीच नव्हतं. रक्त जिथं तयार होतं ती जागाच रिकामी पडली होती. डॉक्टर रिफ्फो नावाच्या ठेंगण्या, बसक्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "शरीराचे राखणदार असतात ना, बाहेरच्या रोगाशी लढणारे? तेच उलटलेत. चोर समजून मालकालाच मारतायत."

"माझं रक्त घ्या," क्लोरिंदा तेव्हा म्हणाली होती. बाही वर करूनच ती आत गेली होती.

"तुमचं नको, आजी. घरातल्या कुणाचंच नको. उद्या भावाची मज्जा द्यायची वेळ आली, तर आज घेतलेल्या घरच्या रक्तामुळे तिचं शरीर ती झिडकारायला शिकेल. परक्यांचंच रक्त चढवू."

जन्म दिलेल्या आईचं रक्त नको, आणि परक्यांचं चालतं. ते तिनं गिळलं. पण अजून पुरतं खाली उतरलं नव्हतं.

तिनं मोठमोठी पानं खड्ड्यावर पसरली, त्यांच्यावर गवताची ढेकळं दाबली. कडेकडेनं वाफ निघायला लागली.

*

ओनोफ्रे कुंपणाशी उभा राहून माते नावाच्या कडवट चहाचा पेला नळीने ओढत होता. आपण या अंगणात पाहुण्यासारखे उभे आहोत, हे त्याला कळत होतं. अकरा वर्षं तो इथं आलाच नव्हता. बापाने मरताना लाँच इदालियाच्या नावावर केली, आणि थोरला मुलगा म्हणून ज्याने लहानपणापासून त्या लाँचवर राबून हात सोलून घेतले, त्याला गुरांचं कुरण दिलं. ओनोफ्रेने ते कुरण विकलं आणि दूर दक्षिणेला पुंता आरेनासला जाऊन मेंढ्यांच्या मोठ्या वाड्यावर मुकादम झाला. बहिणीला एक शब्द कळवला नाही.

मार्चमध्ये भाचीचा, यास्नाचा फोन आला. रक्त तपासायला देशील का मामा, एवढंच तिनं विचारलं. तपासणीत जुळणारा तोच एक निघाला. त्या दिवशी तो वाड्यावरच्या गड्यांना सांगत सुटला होता, माझ्या हाडांतलं माझ्या बहिणीला लागणार आहे. विमानाने आला. वाल्दिव्हियाच्या इस्पितळात मास्क लावून तिच्यासमोर उभा राहिला. मनात अख्खं भाषण तयार होतं.

इदालिया म्हणाली, "आलास ते बरं झालं. पण आधी घोड्याचं औषध घेऊन बघणार आहोत."

"घोड्याचं?"

"घोड्याच्या रक्तातून काढतात. ते त्या उलटलेल्या राखणदारांना मारतं. चाळिशी उलटल्यावर दुसऱ्याची मज्जा घेणं जास्त धोक्याचं, असं बाई म्हणतात. आधी हे. नाहीच झालं, तर तू."

"म्हणजे मी अकरा वर्षांनी येतो, हाडं काढून द्यायला येतो, आणि तू घोड्याचं घेतेस."

"घोडा माझ्याशी लाँचवरून भांडला नव्हता," ती म्हणाली.

नर्सला हसू आवरलं नाही. ओनोफ्रे मात्र तडक बाहेर पडला, बसस्थानकापर्यंत गेला, तिकिटाच्या रांगेत उभाही राहिला. आणि परत आला. का, ते त्याला अजून नीट सांगता आलं नसतं.

औषध चार दिवस चढवलं. पहिल्याच दिवशी तिला अशी हुडहुडी भरली की खाटेचे पाय फरशीवर वाजत होते. ओठ निळे, दात एकमेकांवर आपटतायत. बेलार्मिनो भिंतीला पाठ लावून पांढराफटक उभा. यास्ना रडत नर्सला बोलवायला पळाली. ओनोफ्रेने बहिणीचे पाय दोन्ही हातांत घट्ट धरले आणि वादळात बिथरलेल्या घोडीशी बोलावं तसा तिच्याशी बोलत राहिला. हळू, हळू, पोरी, गेलं, आता गेलं. नर्सने नसेतून औषध दिलं, तासाभराने थंडी उतरली.

"घोडीशी असंच बोलतोस का?" इदालियानं डोळे न उघडता विचारलं.

"घोडी ऐकते तरी."

तेव्हापासून ती दोघं बोलायला लागली. लाँचचा विषय कुणीच काढला नाही.

पण याच इस्पितळात त्याला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टरबाईंना त्याने बाहेर गाठून विचारलं होतं, माझी मज्जा दिली आणि बिनसलं, तर काय होतं? बाईंनी न लपवता सांगितलं. तुमच्या पेशींना तिचं शरीर परकं वाटू शकतं. मग त्या तिच्या कातडीशी, आतड्यांशी, यकृताशी भांडण मांडतात. कधी औषधांनी मिटतं. कधी नाही मिटत.

त्या रात्रीपासून ओनोफ्रेला एकच गोष्ट सलत होती. अकरा वर्षं आपण बाहेर भांडलो, आता तेच भांडण तिच्या अंगात जाऊन मांडायचं का?

*

जेवायला सगळे आत बसले. बाहेर वारा सुटला होता आणि इदालियाला सर्दी चालणार नव्हती. ती टेबलाच्या टोकाला, खिडकीपासून लांब बसली. गोळ्यांमुळे तिचा चेहरा फुगला होता, हिरड्या सुजल्या होत्या, गालांवर बारीक काळी लव उगवली होती. पाण्याचा पेला उचलताना हात थरथरे, म्हणून ती तो दोन्ही हातांनी उचले.

"बाबांसारख्या मिशा आल्यात तुला," ओनोफ्रे म्हणाला.

"बाबांच्या दाट होत्या. माझ्या अजून यायच्यात."

क्लोरिंदाने पानं बाजूला करून काढलेलं सगळं परातीत आणून ठेवलं. धुरकट मांस, उकललेले शिंपले, मिल्काओ नावाच्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या. इदालियापुढे तिचं वेगळं ताट आलं, खूप शिजवलेली कोंबडी आणि बटाटे. तिनं परातीतल्या शिंपल्यांकडं एकदा बघितलं आणि नजर वळवली.

सगळ्यांची ताटं भरली. मग यास्नाने नेहमीच्या खाक्याने सुरुवात केली. ती वाल्दिव्हियाला जंगलशास्त्र शिकत होती आणि या आजारपणात घरातली सगळी व्यवस्था आपोआप तिच्या गळ्यात पडली होती.

"भाड्याची लाँच सकाळी भरतीला निघेल. आईची बॅग मी भरलीये. बाबांची भरली. मामा, तुझे कपडे तेवढे आण."

ओनोफ्रेने काटा खाली ठेवला. "मी उद्या येत नाही."

कुणाला काही कळायच्या आत तो पुढे म्हणाला, "काल कास्त्रोला रक्त दिलंय ना तिनं? ते तपासायला वाल्दिव्हियाला गेलंय, त्याचं उत्तर येऊ दे. मग निघू."

"मामा, ते सोमवारी येणार. सोमवारी आपल्याला तिथं पोचायचंय. नाही पोचलो तर खाट दुसऱ्याला देतील."

"देऊ देत."

बेलार्मिनो हा असा माणूस होता की हातोडा अंगठ्यावर बसला तरी त्याच्या तोंडून नुसता श्वास निघे. तो उभा राहिला. "तिकडं तिच्या आधी किती लोक रांगेत होते, माहितीये? ती खाट मिळायला डॉक्टरबाईंनी किती फोन केले? सहा महिने होत आले घोड्याच्या औषधाला. तिसऱ्या महिन्यात म्हणाले थांबा. चौथ्यात म्हणाले थांबा. मी थांबलो. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी येईल. तुला काय, तू आलास आणि गेलास. रात्री तिच्या उशीवर रक्त दिसतंय का, ते दिवा लावून बघणारा मी होतो."

"म्हणून तर सांगतोय..."

"तू काही सांगू नकोस," क्लोरिंदा म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की यास्नाने तिच्या दंडावर हात ठेवला. "मला कळलं. तुझ्या बापाने लाँच तिला दिली, त्याचं उट्टं आज काढतोयस. द्यायची वेळ आली आणि मूठ मिटलीस."

ओनोफ्रेचा चेहरा लाल झाला. आपली भीती सांगावी, तर ती बहिणीच्या कानावर पडेल. आणि उद्या खरंच जावं लागलं, तर तीच भीती बरोबर घेऊन तिला त्या खाटेवर झोपावं लागेल. मग आईनं काहीही म्हणू दे.

"आई," इदालिया म्हणाली, "मीही येत नाहीये."

*

तिला हे असं सांगायचं नव्हतं. कुणालाच सांगायचं नव्हतं. गेले काही दिवस ती ते तळहातात धरलेल्या अंड्यासारखं जपत होती, कारण आशा दाखवून फसवणं काय असतं, ते या वर्षात तिला चांगलं कळलं होतं. मेमध्ये सांधे सुजले, अंगभर पुरळ उठलं तेव्हा तिला वाटलं होतं, औषध लागू पडतंय. तो घोड्याच्या औषधाचाच त्रास निघाला. जूनमध्ये प्लेटलेट वाढल्या, तर त्या आदल्या दिवशी चढवलेल्या कुणा परक्याच्या होत्या.

तिनं स्वेटरची बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला. "बघा."

सगळ्यांनी बघितलं.

"काहीच नाहीये," यास्ना म्हणाली.

"तेच दाखवतेय. परवा इथं जोरात लागलं. कळवळले मी. उन्हाळ्यात एवढं लागलं असतं, तर खांद्यापर्यंत काळं पडलं असतं."

"कुठं लागलं?" बेलार्मिनोने विचारलं.

तिनं बाही खाली ओढली.

"इदालिया. कुठं लागलं?"

"इंजिनाच्या झाकणाला."

"कुठल्या इंजिनाच्या?"

"आपल्या घरात कितीक इंजिनं आहेत?"

बेलार्मिनो खाली बसला. डॉक्टरांनी तिला गंजलेल्या लोखंडापासून, ओल्या दोरांपासून, गर्दीपासून लांब राहायला सांगितलं होतं. सहा महिने त्याने लाँच धक्क्याला बांधून ठेवली होती आणि शिडी स्वतःच्या कामाच्या शेडमध्ये कुलपात.

"शिडीशिवाय कशी चढलीस?"

"शिडी कधी लागली होती मला?"

"मला दिसली होती," ओनोफ्रे म्हणाला. "मी किनाऱ्यावर होतो. पंधरा मिनिटं इंजिनाशी झटत होती, मग उडी मारून खाली आली. धाप लागली नव्हती. म्हणून तर म्हणतोय, उत्तर येऊ दे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस," बेलार्मिनो म्हणाला.

"नाही सांगितलं."

भाऊबहिणीनं एकमेकांकडं बघितलं. क्लोरिंदाला ती नजर ओळखीची होती. सफरचंदाची आंबवलेली चिचा चोरून प्यायल्यावर ही दोघं अशीच बसायची, आणि कितीही दम दिला तरी एकमेकांचं नाव घ्यायची नाहीत. तीस वर्षांत तिनं ती नजर बघितली नव्हती. तिचा राग कुठं ठेवावा, ते तिला कळेना.

यास्ना मात्र बोटांवर काहीतरी जुळवत होती. "आई, तुला शेवटचं रक्त कधी चढवलं?"

"ऑगस्टमधलं ते मोठं वादळ झालं ना, त्याच्या आधी."

"आणि प्लेटलेट?"

"तेव्हाच."

"बाबा," यास्ना म्हणाली, आणि तिचा सूर बदलला, "आधी दर आठवड्याला लागायचं. सप्टेंबर संपत आला."

"डॉक्टरबाईंना ठाऊक आहे ते," बेलार्मिनो म्हणाला. "मागचा आकडा थोडा वर होता, तेव्हा काय म्हणाल्या? एका आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, खाट राहू दे. त्या ठेवत नाहीत, तर मी कसा ठेवू? यास्ना, मी थकलो गं. मला कुणीतरी एकदा काय ते नक्की सांगा."

इदालिया उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. "बाई म्हणतात, तिथं गेलं की आधी जाळतात. एकदा जाळलं की मागे फिरता येत नाही. माझ्या हाडांत काही उगवत असेल, तर ते मी बघितल्याशिवाय जाळू देणार नाही. उगवत नसेल, तर ओनोफ्रेचं घेईन आणि त्याचे उपकार जन्मभर ऐकून घेईन. पण आधी बघणार."

"आणि खाट गेली तर?"

"तर दुसरी मिळेपर्यंत थांबू."

"तू थांबशील. मी नाही थांबू शकणार."

क्लोरिंदा उठून परातीतलं मांस पुन्हा सगळ्यांना वाढू लागली. मुलाच्या ताटाशी आली तेव्हा क्षणभर थांबली आणि मग त्याला सगळ्यांपेक्षा मोठा तुकडा वाढला. माफी मागायची तिची तीच रीत होती.

*

बेटावर त्या घरात फोन एकाच जागी लागे. खिडकीच्या चौकटीला बेलार्मिनोने एक टिनचा डबा ठोकला होता, सगळ्यांचे फोन त्यात उभे असायचे. त्यातला एक वाजायला लागला. यास्नाने नाव वाचलं आणि बटण दाबून फोन डब्यातच ठेवला, म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू येईल.

"रिफ्फो बोलतेय. तुम्ही निघालात का?"

"नाही, डॉक्टर. उद्या सकाळी."

"इदालिया आहे?"

"इथंच आहे मी."

"आज शनिवार आहे, मला कामावर यायचं नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बसला होता. "प्रयोगशाळेतल्या माणसाने मला घरी फोन केला. मी येऊन नमुना पुन्हा लावायला सांगितला, वेगळ्या यंत्रावर. मग काच घेतली आणि स्वतः दुर्बिणीतून बघितलं. म्हणून उशीर झाला. आता नीट ऐका. पांढऱ्या पेशींमधल्या लढणाऱ्या पेशी औषधाच्या आधी दोनशे होत्या. आज चौदाशे आहेत. प्लेटलेट आठ हजार होत्या. आज अठ्ठावन्न हजार."

यास्ना डब्याच्या आणखी जवळ सरकली.

"ऐकू येतंय ना?"

"हे कुणाचं आहे?" इदालियाने विचारलं. "म्हणजे, माझं आहे का? की चढवलेलं?"

"महिनाभरात तुम्हाला काही चढवलेलंच नाही. चढवलेल्या प्लेटलेट आठवडाभरही टिकत नाहीत. आणि मला काचेवर कोवळ्या लाल पेशी दिसल्या, भरपूर. नुकत्याच जन्मलेल्या. त्या बाहेरून कुणी देऊ शकत नाही. तुमच्या हाडांतच तयार झाल्यात. हे सगळं तुमचं आहे."

"मग घोड्याचं लागू पडलं?" क्लोरिंदाने मागून विचारलं.

"लागू पडलं, आजी."

क्लोरिंदा भिंतीला टेकली. तिला एकदम उमगलं, की पोरीच्या अंगात आता परक्याचं काही नाही, जे आहे ते पोर पोटात असताना आपणच तिला दिलेलं, तेच परत उभं राहिलंय. आपलं रक्त त्यांनी नको म्हटलं होतं, आणि ते न विचारताच आलं. इतके महिने घशात अडकलेलं ते आता खाली उतरलं.

"सांतियागोला जायचं?" बेलार्मिनोने विचारलं. इतक्या हळू, की यास्नाला तो प्रश्न फोनमध्ये पुन्हा सांगावा लागला.

"नाही. कुणी कुठं जायचं नाही. पण बेलार्मिनो, मला वचन द्या. त्या कॅप्सूल सुरूच राहणार, सकाळ-संध्याकाळ, निदान वर्षभर. मिशा आल्या म्हणून, हात थरथरतात म्हणून, त्यांना घाण वास येतो म्हणून एकही सोडायची नाही. त्या हळूहळूच कमी करायच्या, त्याही मी सांगेन तशा. हा आजार कधी कधी परत येतो. दर आठवड्याचं रक्त चुकवायचं नाही."

"नाही चुकवणार."

"आणि भाऊ आहेत का तिथं?"

"आहे," ओनोफ्रे म्हणाला.

"तुमची मज्जा जपून ठेवा. कदाचित कधीच लागायची नाही. पण ती आहे, एवढ्या बळावर आपण सगळे थांबू शकलो."

ओनोफ्रेने मान हलवली. डॉक्टरबाईंना ती दिसणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मग तो तोंड फिरवून चुलीत लाकूड घालू लागला. चूल आधीच भरलेली होती.

बेलार्मिनो कुणाला काही न सांगता दारातून बाहेर गेला. खिडकीतून तो शेडकडं जाताना दिसला. थोड्या वेळाने खांद्यावर लाँचची शिडी घेऊन परत आला, अंगणात ती भिंतीला टेकवून ठेवली आणि तिथंच पायरीवर बसून मोकळेपणी रडला. यास्ना त्याच्याजवळ जाऊन बसली. तिलाही तेच करायचं होतं.

बातमी कुंपणावरून शेजाऱ्यांकडं गेली, शेजाऱ्यांकडून खाली धक्क्यावर. लोक येऊ लागले. उन्हाळ्यात त्या लाँचमध्ये ज्यांचे रुमाल भिजले होते, त्यांतले कितीतरी होते. इदालियाजवळ गर्दी करायची नाही म्हणून क्लोरिंदा दाराशी काठी घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना अंगणातच थांबवून चिचा पाजू लागली. "बघायचं तर खिडकीतून बघा," ती सांगत होती. "अठ्ठावन्न हजार आहेत. सगळ्या घरच्या." कुणीतरी अकॉर्डियन आणलं. एका म्हाताऱ्याने खिडकीवर टकटक करून इदालियाला विचारलं, लाँच कधी सुरू होणार, त्या दुसऱ्या लाँचवाल्याला धक्क्याला नीट लागता येत नाही. ती म्हणाली, बाई परवानगी देतील त्या दिवशी. तोवर माझा भाऊ चालवेल.

ओनोफ्रेने चुलीपासून मान वर केली. "मला विचारलंस?"

"आत्ता विचारतेय."

तो बहिणीकडं बघत राहिला. "इंजिनाचं झाकण बदलावं लागेल. धार आहे त्याला."

"बदल."

इदालिया डब्यातल्या फोनशी गेली. तो बाहेर काढला की आवाज तुटे, म्हणून ती खिडकीशीच, डब्याला गाल लावून उभी राहिली आणि तिनं सांतियागोच्या वॉर्डाचा नंबर लावला. हे काम यास्ना करणार होती, पण तिनं तिला करू दिलं नाही.

पलीकडे एक थकलेला बाईचा आवाज आला.

"सोमवारसाठी एक खाट आहे, इदालिया मान्सिया या नावाने. ती रद्द करायचीये."

"थांबा, बघते. हो. मज्जारोपणाची खाट. रद्द कशामुळे? दात्याने नकार दिला का?"

"नाही. दाता इथं माझ्यासमोर उभा आहे."

"रुग्णाला ताप? जंतुसंसर्ग?" मग आवाज जरा खाली आला. "की रुग्ण... माफ करा, आम्हाला विचारावं लागतं."

"रुग्ण मीच बोलतेय."

"मग कारण काय सांगू?"

बाहेर अकॉर्डियनवाल्याला सूर सापडत नव्हता आणि लोक त्याला हसत होते. इदालियाने एका कानावर हात ठेवला.

"सांगा, की तिची स्वतःची मज्जा चालू झाली."

फोन तुटला की काय, म्हणून इदालिया डब्याला आणखी चिकटली. मग त्या बाईंचा आवाज फोनपासून लांब जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगताना ऐकू आला, आणि मागोमाग तीन-चार जणींचे आवाज एकदम आले.

"बाई," ती परत बोलू लागली तेव्हा तिचा थकवा कुठल्या कुठे गेला होता, "इथल्या नर्सना खरं वाटत नाहीये. या खाटा अशा कारणासाठी कुणी सोडत नाही."

"त्यांना सांगा, मलाही अजून वाटत नाहीये. पण खरं आहे."

"मग मी ही पुढच्या माणसाला देते. तेमुकोच्या एक बाई आहेत, दोन महिने वाट बघतायत. सोमवारी सकाळी कळवेन त्यांना."

"सोमवारी नको," इदालिया म्हणाली. "आत्ताच कळवा. मी फोन ठेवते, तुम्ही लगेच लावा."